फाईल मंजूर आहे

पापाच्या तिकटीला माझं दुकान, रुंदी सहा फूट.
रिचार्ज, झेरॉक्स, पैसे पाठवून मिळतील.
एका वेळेला वीस रुपये, पाटीवर लिहिलंय.

अक्काताई सातपुते सुभाषनगरातून चालत यायच्या,
पोत्यात चपलांचे जोड, वर फडकं बांधलेलं.
माल देऊन परत जाताना
काउंटरवर फोन ठेवायच्या, उताणा.
"ह्या नंबरवर अठराशे पन्नास टाक बाबा.
दोन लाख मंजूर झाल्यात.
आधी फाईलचा खर्च भरायचा असतोय म्हणं."
मी टाकले.
वीस घेतले.

पलीकडच्या बाईचं नाव रिया मॅडम.
ती अक्काताईंना 'आपण' म्हणायची.
बासष्ट वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.
चपला घेणाऱ्या शेठनं नाही,
बँकेतल्या साहेबानं तर नाहीच,
त्यानं आधी खिडकी उघडली
आणि मग कागद बघितले.

फोनमधून वास जात नाही.
तरी रियाचा फोन आला की त्या
कातड्यातला हात बाहेर काढून धुवायच्या,
पदराला पुसायच्या,
मग उचलायच्या.

दुसऱ्या आठवड्यात विम्याचे साडेचार हजार.
मग कसल्यातरी शिक्क्याचे सात हजार दोनशे.
"शिक्का दिल्लीत बसतोय," मला समजावून सांगितलं त्यांनी,
शाळेतल्या पोराला सांगावं तसं.
त्या दिवशी त्यांचे कान मोकळे होते.
गुजरी इथून लांब नाही.
कान मी बघितले.
वीस घेतले.

दोन लाखांत शिलाईचं मशीन येणार होतं
नातवासाठी. तो कातड्याला हात लावत नाही,
पण मशीन आलं तर बसतो म्हणालाय.

चौथ्या वेळी नऊ हजार नऊशे,
"ह्ये परत मिळणारं हाईत."
स्क्रीनवर नाव आलं. प्रत्येक वेळी वेगळं यायचं,
एकदा कुणी भंगारवाला, एकदा नुसतंच 'ट्रेडर्स'.
खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळीच पाल चुकचुकली होती.
पण गिऱ्हाइकाचे पैसे, गिऱ्हाइकाची मर्जी,
आणि दुकानाचं भाडं पाच तारखेला.

"मावशी, हे फसवायलेत तुम्हाला."

त्या काही बोलल्या नाहीत.
मागं झेरॉक्सला आलेला पोरगा घाई करत होता.
मग त्यांनी पोत्यातून एक चप्पल काढली,
दोन्ही हातांनी वाकवली. कर्र.
"दोन थरांच्या मधी बी ठेवायचं, मग वाजतंय.
गिऱ्हाईक म्हणतंय, चप्पल बोलतीया.
कातडं कुठं बोलतंय?
चाळीस वर्सं मीच घालतोय की आवाज आत."

पोलीस ठाण्यात मी सोबत गेलो.
तक्रारीचा नंबर मिळाला, लांबलचक,
त्यांनी तो चपलेच्या तळव्यावर पेननं लिहून घेतला,
कागद हरवतो म्हणून.

बाहेर आल्यावर साठ रुपये परत दिले.
नको म्हणतील असं वाटलं होतं.
मोजून घेतले.
एक वीसची नोट फाटकी निघाली,
ती बदलून मागितली.

तेवढ्यात फोन वाजला. रिया.
या वेळी हात पुसले नाहीत.
कट्ट्यावर फोन ठेवला, उताणा,
त्याच्याजवळ तीच चप्पल धरली आणि वाकवत राहिल्या.
कर्र. कर्र.
मला रस्त्यावर उभं राहायला लाज वाटत होती,
त्यांना घाई नव्हती.
कर्र.

पलीकडून आवाज आला, गोड, जरासा दमलेला,
"हॅलो? हॅलो?
आपणच बोलताय ना?"